एका तोंडाचे दगड

दोन सारखे दगड शेजारीशेजारी दिसले की ज्याला घास गिळवत नाही, असा माणूस जगात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. गारखेड्यातल्या त्याच्या छोट्या घराला त्यानं साच्यात ओतलेले सिमेंटचे दगड लावलेत. दर्शनी भिंत झाली, तुळशीचा ओटा झाला, मग पाण्याच्या टाकीचं बूडही सुटलं नाही. साचे असतात दहा-बारा, त्यामुळं तेच ते तोंड पुन्हा येतंच. म्हणून हा आधी सगळी खोकी गच्चीवर रिकामी करतो आणि हात मागं बांधून परीक्षेतल्या मास्तरासारखा दगडांमधून फिरतो. जुळे सापडले की एकाची रवानगी दुसऱ्या टोकाला. "खऱ्या दगडाला कोण इचारतंय? खोट्यालाच नीट ऱ्हावं लागतं," असं त्याचं म्हणणं. एका लग्नात तर तो पंगतीतून उठला आणि स्टेजमागच्या भिंतीतले दोन जुळे दगड मॅनेजरला दाखवून आला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेवही मान वळवून भिंत बघायला लागला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण ती आधी एकदा पडली होती, त्याची धास्ती बसली होती. "मी आता खोलीतच बरी," असं ती दवाखान्यातूनच म्हणायला लागली. साडूनं ठरवलं, दारापासून फाटकापर्यंत बागेतून कमरेएवढी भिंत घालायची, म्हणजे तिच्यावर हात ठेवून आक्का चालेल. आक्का घरी यायच्या आत भिंत व्हायला हवी होती. विटांचं काम त्यानं धरलं, दगड आणायचं माझ्यावर सोपवलं.

हातगाडीवर खिळे विकत मी स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत आलोय. चितेगावच्या कारखान्यात मी दोन तास घासाघीस केली, दोनदा रागानं उठून गाडीत जाऊन बसलो आणि अर्ध्या भावात माल उचलला. साडूनं खोकी उघडली, आणि माझ्या बायकोसमोर, दोन शेजाऱ्यांसमोर म्हणाला, "साडूभाऊ, हे समदे एका तोंडाचे हायेत."

कारखानदारानं एकाच साच्याचा उरलेला माल माझ्या गळ्यात मारला होता.

"भिंतीला चिकटवायचेत का सोयरीक जुळवायचीय?" मी ओरडलो.

"सोयरिकीत तुमचं तोंड बघायचं राहून गेलं, म्हणून तर आता जपतो," तो शांतपणे म्हणाला. शेजारी हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

पाच दिवस मी तिकडं फिरकलो नाही. बायकोकडून कळायचं, की तो छन्नी आणि कानस घेऊन बसलाय, एकेका दगडाचं तोंड बदलतोय, कुठं ऑक्साईडच्या रंगाचा हात फिरवतोय. आक्का उद्या येणार म्हटल्यावर मात्र राहवलं नाही. गेलो, तर वरची ओळ अर्धी बाकी. तो डोळे मिटून एका दगडावर तळवा फिरवत होता.

"हिच्या हाताला टोचाय नको," म्हणाला.

मी दुसरी कानस उचलली.

"कानस हाय ती, तलवार नाय," त्यानं सुनावलं.

दिवस मावळायच्या आत भिंत पुरी झाली, हे माझ्यामुळं, एवढं इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आक्का दारात बराच वेळ उभी राहिली. मग तिनं भिंतीवर हात ठेवला आणि एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मध्यावर थांबली.

"ह्यो कुणी घासलाय? टोचतोय."

"साडूभाऊंनी," हा लगेच म्हणाला. "उद्या काढतो."

"राहू दे. इथवर आलं की कळंल, अर्धं झालं."

आणि ती फाटकाला हात लावून परत आली.

परवा गेलो होतो. आक्का भिंतीकडं न बघता तरातरा फाटकापर्यंत गेली आणि भाजीवाल्याशी भांडायला लागली. साडू पायरीवर बसून बघत होता.

"एवढी घासली," तो म्हणाला, "आता तिला लागतच नाय."

मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. भाजीवाला भाव सोडत नव्हता, पण मी उठलो नाही. आक्काला जमत होतं.