भुतं ज्याला भितात ते अक्षर

थंगदादाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी नुकतीच लग्न होऊन बाइशाथानला आले होते. नदीकडे पायऱ्या उतरतात तिथे दगडी कमान आहे, तिच्याखाली मी वडे तळायला बसू लागले. तांदूळ आणि सोयाबीन वाटून पळीतच तळायचे, असे आमच्याकडचे वडे. हा माणूस रोज यायचा, वडे घ्यायचा आणि मी गिऱ्हाइकांशी बोलत असले की गालात हसत उभा राहायचा. एक दिवस त्याने माझ्या चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि फरशीवर एक अक्षर काढायला घेतलं. काढतोय, काढतोय, संपेचना. वर दोन ड्रॅगन, खाली दोन ड्रॅगन, चौघांचं मिळून एकच अक्षर.

“वहिनी, हे तुमचं.”

“माझं? अर्थ काय त्याचा?”

“न थांबता बडबड.”

मी तेलातली पळी उगारली. तो दोन पायऱ्या मागे सरकून म्हणाला, “माझ्यावर कशाला? मी नाही शोधलं ते. तुमच्यासारखी कुणीतरी बाई पूर्वीही होऊन गेली असणार.”

सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण त्या दिवशी वडे त्याला करपलेले दिले.

असली अक्षरं त्याच्याकडे पोत्याने होती. आजोबांकडून आलेली, कुणाच्या उपयोगाची नसलेली. दारावरच्या लाल पट्ट्या, शवपेट्यांची तोंडं, होड्यांची नावं हे लिहून त्याचं पोट भरायचं, आणि त्याला साधी अक्षरं पुरायची. तरी त्याचा जीव होता तो या विचित्र अक्षरांत. तीन बैल एकत्र आले की धावपळ. माणूस वर आणि पाणी खाली, तर तरंगणं. पाणी वर आणि माणूस खाली, तर बुडणं. पायऱ्यांवर ओल्या कुंचल्याने तो मुलांना हे काढून दाखवायचा. ऊन असलं की मुलांचं भांडण संपायच्या आत अक्षर वाळून जायचं.

या सगळ्या अक्षरांत एकच गल्लीच्या उपयोगाचं होतं. त्याचा उच्चार आमच्याकडे कुणी मोठ्याने करत नाही, मीही करणार नाही. ‘ते अक्षर’ म्हटलं की कळतं. डावीकडे पाणी, मध्ये गाडा, उजवीकडे कुऱ्हाड आणि या तिन्हींच्या खाली कान. माणूस मेला की भूत होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भूतही मरतं, आणि मेलेलं भूत जे होतं ते हे अक्षर. आपण भुतांना जितके भितो तितकीच भुतं याला भितात. सातव्या महिन्यात घरोघरचे म्हातारे पाहुणे येतात, म्हणजे आपलेच गेलेले लोक. त्यांना जेवू घालून, कागदी पैसे जाळून परत पाठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक दारावर थंगदादाने लिहिलेलं ते लाल अक्षर चिकटायचं. वाट चुकून मागे राहिलेलं कुणी घरात शिरू नये म्हणून. पुढच्या वर्षी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ते उतरवायचं. मधल्या काळात या सगळ्याला सरकारची बंदी होती, तेव्हा दादा होड्यांना डांबर लावायचा. बंदी उठली आणि गल्लीने पहिलं काम काय केलं, तर त्याच्या दाराशी कागद घेऊन रांग लावली.

त्याला एकच मुलगी, यानयान. बापासारखीच. माझ्या परातीतल्या ओल्या पिठात बोटाने अक्षरं काढायची, आणि मी ओरडले की चार ड्रॅगन काढून पळून जायची. एका पावसाळ्यात ती पायऱ्यांवर भाजी धुवायला गेली. नदी चढलेली होती. टोपली पायरीवरच राहिली.

ती सापडली खाली, वाळूच्या बेटाजवळ. लग्न न झालेली पोर, तिला घराण्याच्या टेकडीवर जागा नाही, घरातल्या देव्हाऱ्यात नावाची पाटी नाही. पलीकडच्या काठावर पुरली. आमच्याकडे असं मानतात की बुडालेला माणूस पाण्यातच अडकून राहतो. त्याच्या जागी दुसरं कुणी बुडेल तेव्हाच तो सुटतो आणि नवा जन्म घेतो. हे कुणी थंगदादासमोर बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या वर्षी म्हातारे पाहुणे परत गेले आणि सगळ्या दारांवर लाल कागद लागले. एक दार कोरं राहिलं, लिहिणाऱ्याचंच. मी विचारलं, “दादा, तुमचं लावायचं राहिलं का?”

“राहिलं नाही, वहिनी. ती कधी येईल सांगता येत नाही. तिला या महिन्यातच सुट्टी मिळेल असं कुठे आहे?”

मला काही सुचलं नाही. चार ड्रॅगनवाल्या बाईला काही सुचलं नाही, यावरूनच काय ते समजा.

त्याची बायको मानश्यांग रोज संध्याकाळी तिसरा वाडगा वाढायची. सकाळी तो भात कोंबड्यांना घालायची. असं बरंच चाललं, आणि गल्लीने ते चालू दिलं. लोक इतके वाईट नसतात. त्यांच्या स्वतःच्या पोरांवर येईपर्यंत नसतात.

मग लुओ आजीचा नातू माओदोऊ त्याच पायऱ्यांवरून घसरला. माझा नवरा खाली होडी बांधत होता, त्याने केसांना धरून वर काढला. पोराने पाणी ओकलं आणि पहिलं वाक्य बोललं ते हे, “माझा पाय धरला होता कुणीतरी.”

शेवाळ असेल, दोर असेल. माझ्या नवऱ्याने तसं सांगितलंही. पण पोरगं बोलून गेलं होतं आणि सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. संध्याकाळी माझ्या चुलीभोवतीच सगळे जमले. लुओ आजी सगळ्यांत पुढे. म्हातारीचा मुलगा आणि सून दक्षिणेकडे कारखान्यात, दोन नातवंडं हिच्या गळ्यात.

“थंग, ते अक्षर कमानीवर हवं,” ती म्हणाली. “कागदाचं नको, दगडात कोरलेलं. पाण्यातून वर काहीही चढता कामा नये.”

“आजी, दारांवर आहे की.”

“दारांवर आहे, पण पोरं पायऱ्यांवर असतात.”

“कमानीवर लावलं तर...” दादा थांबला. “सातव्या महिन्यात ते उतरवता येणार नाही.”

“म्हणूनच तर दगडात.”

“मग ती येणार कुठून?”

इतका वेळ कुणी नाव घेतलं नव्हतं. त्यानेही घेतलं नाही. लुओ आजीचा आवाज जरा खाली आला, पण शब्द मऊ झाले नाहीत. “बाबा रे, तुझी गेली, मी रडले तुझ्या दारात बसून. पण तिच्यासाठी मी माझा माओदोऊ देऊ का? सांग ना. देऊ?”

“माझी यानयान कुणाचा पाय धरणार नाही.”

“जिवंत असती तर नसता धरला.”

मी मध्ये तोंड घातलं, “आजी, बस झालं!” तर ती माझ्याकडे वळली. “तुझी दोन कुठे खेळतात गं? याच पायऱ्यांवर ना?” माझी दोन खरंच तिथेच खेळत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते अक्षर तिथे हवं होतं.

दादाने नाही म्हटलं. ते अक्षर लिहिणारा आमच्याकडे दुसरा कुणी नव्हता, आणि परक्याने लिहिलेलं चालत नाही असं सगळे धरून चालले होते. लोक त्याच्याकडे जाईनासे झाले. लग्नाच्या पट्ट्या लोक पलीकडच्या गावातून छापील आणू लागले. मुलांना त्याच्या दारासमोरून जाऊ देईनात. आणि तो काय करायचा, तर दिवसभर पायऱ्यांवर बसायचा. लोक म्हणायचे, पोरीशी बोलतो. मला जवळून दिसायचं, तो बोलत नव्हता. तो पाण्याजवळ गेलेल्या प्रत्येक पोराकडे बघत असायचा.

त्याला शेवटी कोणी वाकवलं असेल, तर मानश्यांगने. मी त्यांच्याकडे थोडं तेल मागायला गेले होते. मागच्या दारात पाय ठेवला आणि तिचं बोलणं कानावर पडलं. मग मला ना आत जाता आलं, ना परत फिरता आलं.

“यानयानचे बाबा, लिहून टाका ते.”

“तूही?”

“तुम्ही रोज तिथे का बसता?”

“पोरं पडू नयेत म्हणून. लक्ष ठेवतो.”

“खरं?” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून सांगा. एखादं पोर घसरलं तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? मी सांगते माझ्या मनात काय येतं. माओदोऊ पडल्याचं ऐकलं तेव्हा मी भाजी चिरत होते. माझ्या मनात आलं, सुटली माझी पोर. मग कळलं, त्याला वर काढला, आणि मला वाईट वाटलं. वाईट वाटलं मला! असल्या आईकडे ती कशाला येईल?”

दादाने तोंडावर हात धरला होता. मग म्हणाला, “मलाही तसंच झालं होतं.”

“मग लिहा.”

मी तेल न मागताच परतले. त्या दोघांचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझ्या मनात दुसरं काही आलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याने लिहिलं. पाथरवटाने ते कमानीच्या आतल्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून, हातभर उंचीचं कोरलं. त्यात लाल रंग भरायलाही दादाच आला. पाणी, गाडा, कुऱ्हाड, कान. एकही रेघ हलली नाही. इतकं सुंदर अक्षर त्याने कधी लिहिलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. लुओ आजीने त्याला अंडी आणून दिली. त्याने ती घेतली. न घेऊन काय करणार होता?

सातवा महिना आला. सगळ्यांनी दारावरचे कागद उतरवले, उंबऱ्यात उदबत्त्या लावल्या, आपापल्या म्हाताऱ्यांना नावाने हाका मारल्या. मानश्यांगने दोनच वाडगे वाढले. मी वडे द्यायला गेले तेव्हा दादा जेवत होता. तो मला म्हणाला, “वहिनी, ते अक्षरही मरतं म्हणतात. त्यापुढे जे होतं ते कान देऊन ऐकलं तरी ऐकू येत नाही. तेही मेलं की जे होतं ते डोळे लावून बघितलं तरी दिसत नाही. त्या दोन्हींसाठी अक्षरं आहेत. अगदी साधी, मुलांनासुद्धा येतील अशी.” मग म्हणाला, “त्याच्यापुढे अक्षर नाही.” आणि भात खाऊ लागला.

चार-पाच वर्षं कुणी पडलं नाही. गल्ली म्हणायची, बघा, गुण आला. पाठोपाठच्या पुरांनी अक्षरातला रंग धुऊन नेला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका लख्ख उन्हाच्या दुपारी, नदी गुडघ्याएवढी दिसत असताना, माओदोऊ पोहायला उतरला आणि वर आला नाही. आता मोठा झाला होता, चांगला पोहायचा. वाळू काढून काढून तिथे खड्डा झाला होता. माझा नवरा त्या दिवशी होडी घेऊन खाली गेला होता.

लुओ आजीचं कधी वाईट झालं तर तिला अद्दल घडली असंच मला वाटेल, असं मी कधीतरी मनात म्हटलं होतं. तसं काही वाटलं नाही. म्हातारी अंगणात बसून राहिली होती, पायात एकच चप्पल, आणि तिची नात तिच्या मांडीला टेकून मक्याचे दाणे सोलत होती.

क्रियाकर्म आटोपल्यावर काही दिवसांनी मी तिला वडे घेऊन गेले. थोड्या वेळाने थंगदादा आला. हातात पाथरवटाची छिन्नी आणि हातोडा. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला एकदम जुना थंगदादा आठवला. बऱ्याच वर्षांनी या माणसाला कशाची तरी आशा वाटत होती.

“आजी,” तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “आता काढून टाकू या ते. तुम्ही म्हणालात तर कुणी आडवं येणार नाही. सातवा महिना जवळ आला. माओदोऊही वर येईल, तीही येईल. वाट तर एकच आहे.”

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

“तिने नव्हता धरला त्याचा पाय,” दादा म्हणाला. “अक्षर होतं ना तिथे. मग तिने कसा धरला असेल?”

“अक्षरातला रंग उडाला होता,” लुओ आजी म्हणाली.

“आजी...”

“आता खाली माझा आहे, थंग.” तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्या माओदोऊला मी ओळखते. हिच्याशिवाय त्याला कधी करमलं नाही. कुठे गेला तरी हिला हाक मारायचा.”

नातीने मान वर केली. आजीने ती हळूच खाली दाबली.

“रंग भर,” ती म्हणाली. “या वेळी दाट भर, बाबा. पुराने जाणार नाही असा.”

दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी त्या पोरीकडे बघितलं, माझ्या पोरांच्या वयाची होती. मी बोलले नाही. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, छिन्नी आणि हातोडा अंगणातच ठेवला आणि रंग आणायला घरी गेला.