माउथगार्डला तीन शिट्ट्या

अनयाचं नवं माउथगार्ड मी कुकरला लावलं. दातांवर बसवायची ही रबरी पट्टी. पाकिटावर लिहिलं होतं, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, मग चावून आकार द्या. क्षणभरात आपल्याकडे डाळसुद्धा शिजत नाही, म्हणून मी तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर डब्याच्या तळाशी निळं पिठलं.

अनया माझी मुलगी, आइस हॉकी खेळते. ईडन प्रेरी या आमच्या अमेरिकेतल्या गावी, बर्फाळ हिवाळ्यात माणसाने दुसरं करायचं तरी काय? त्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती आणि रिंकच्या दारात शोभनाकाकू उभ्या होत्या.

काकू मूळच्या नागपूरच्या, दातांच्या डॉक्टर. लग्न होऊन इथे आल्या आणि तान्हं मूल मांडीवर घेऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. आता रिटायर झाल्यात. नातवंडं लांब कॅलिफोर्नियात, त्यामुळे टीमची सगळी पोरं यांचीच. काकू दिसल्या की पोरं हाय म्हणायच्या आधी आ करतात. अनया तर खास लाडकी. मला 'फाइन'पलीकडे काही न सांगणारी ही मुलगी काकूंशी फोनवर तासन्‌तास बोलते.

काकूंनी तिचा रिकामा आ पाहिला आणि कोचला सांगून तिला बाकावर बसवलं. हेल्मेटला जाळी आहे की, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर काकू म्हणाल्या, हनुवटीवर आपटली की खालचे दात वरच्यांवर आदळतात, तिथे जाळी काय करणार? त्यांच्या पर्समधलं जादाचं माउथगार्ड नेमकं मागच्या शनिवारी कुणाला तरी दिलेलं. मग मी दुकानाकडे पळालो. बर्फातून घसरत परत आलो, तेव्हा पोरं हस्तांदोलन करत होती. मॅच संपली होती.

अनयाचा राग खरं तर माझ्यावर निघायला हवा होता. पण ती काकूंसमोर थांबली, "डोन्ट कॉल मी," म्हणाली आणि बॅग ओढत गाडीकडे गेली. काकू कितीतरी वेळ हातमोजे घालत राहिल्या. एका हाताचा मोजा दुसऱ्या हातात घातला, पुन्हा काढला.

मला राहवेना. म्हटलं, "काकू, कशाला एवढा वाईटपणा घेतलात? ती आता बोलायची नाही तुमच्याशी."

"नाही बोलली तरी चालेल, तोंडाचं बोळकं नको."