कपूर साहेबांचा डबा

चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. पण हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हीच गोष्ट सांगताना माझ्या मेव्हण्याने सगळा चहा माझ्या शर्टावर उडवला होता. आणि तो शर्ट पुण्याच्या बड्या हॉटेलात इस्त्री केलेला होता, तोही फुकट. फुकट का, तिथूनच सुरुवात करतो.

मी दुसरबीडचा. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला. दर महिन्याला पुण्यात मीटिंग असते आणि पाच-सहा दिवस मुक्काम एका चकचकीत हॉटेलात. बिल कंपनी भरते, पण पॉइंट माझ्या नावावर जमा होतात. हे पॉइंट म्हणजे काय, ते मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. मग एकदा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, अभिनंदन, तुमचं कार्ड आता गोल्ड झालं." मी खिशातून हॉटेलचं कार्ड काढून पाहिलं. ते होतं तसंच होतं. सोनं म्हणे मोबाइलमध्ये झालं होतं.

पण त्या दिवसापासून आपले दिवस पालटले बरं का. खोली मोठी मिळायला लागली. दोन शर्टांची इस्त्री फुकट. वरच्या मजल्यावर एक लाउंज आहे, तिथे संध्याकाळी चहा, कॉफी, बोटभर लांबीचे काहीबाही पदार्थ, सगळं कार्डवाल्याला मोफत. सोबत एक माणूस नेला तर त्यालाही मोफत. आणि खोलीत शिरलं की टेबलावर वेताची टोपली. तिच्यात सफरचंदं, नाशपाती आणि एक चिठ्ठी, 'आपल्याच घरी पुन्हा स्वागत'. आता मला सांगा, ज्या माणसाला स्वतःच्या घरी 'आधी पाय धुवा' एवढंच स्वागत ठाऊक, तो हवेत जाणार नाही तर काय करणार?

मी गेलो हवेत. गावच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर, छाती काढून सांगायला लागलो, "मॅनेजर साहेब स्वतः टोपली पाठवते. भावासारखा मानते मले."

आमचा मित्र गजू लगेच म्हणाला, "काऊन बे, त्याच्या गच्चीवर ठिबक टाकून देल्लं का तू?"

जळणारे जळोत, म्हटलं. पण त्याच हवेत मी एक मूर्खपणा केला. माझी बायको सुनंदा मला प्रत्येक खेपेला डबा द्यायची. धपाटे, ठेचा, जवसाची चटणी. एकदा हॉटेलच्या लिफ्टमध्ये त्या ठेच्याचा वास सुटला. शेजारी एक सुटाबुटातला गृहस्थ होता. त्याने नाक वर केलं, छताकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी सुनंदाला सांगून टाकलं, "आता डबा नको देत जाऊ. तिथं ते बरं नाही दिसत."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटलं, विषय संपला. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला एवढंही कळू नये की बायको 'बरं' म्हणाली म्हणजे विषय आता कुठे सुरू झाला आहे.

हॉटेलचं जेवण काही मला मानवेना. सगळ्यात साय आणि पांढरा रस्सा. येताना मी दोनच वस्तू घरी आणायचो. बाथरूममधल्या साबणाच्या वड्या आणि आंबट ढेकर. एकदा मात्र मिरवावं म्हणून ती फळांची टोपलीच विचारून घरी आणली.

सुनंदाने टोपली फिरवून पाहिली. "कोणाची हाये?"

"मॅनेजरची. कपूर साहेबांची."

कपूर कुठून आला विचारू नका. चिठ्ठीखाली नुसता फराटा होता, नाव मलाही वाचता आलं नव्हतं. मराठी आडनाव सांगितलं असतं तर 'कोणते? मेहकरकडले का? मंग आपल्या मामीच्या नात्यातले असतीन' असं करत हिने संध्याकाळपर्यंत त्याला आमचा पाहुणा करून ठेवला असता. म्हणून कपूर.

"टोपली परत द्यायची असंन ना?" ती म्हणाली.

"हं, द्यायचीच आहे," मी म्हणालो. 'भावासारखा' वगैरे टपरीवरून तिच्या कानावर आलंच होतं. आता ही हॉटेलची रीत आहे, सगळ्याच गोल्डवाल्यांना देतात, हे कुठल्या तोंडाने सांगू?

"मंग रिकामी कशी द्यायची?"

इथेच माझी मान अडकली. आमच्याकडे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. काहीच नसलं तर मूठभर साखर तरी घालतात. सुनंदाने टोपलीत मोठा स्टीलचा डबा ठेवला, त्यात धपाटे, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. वरून बजावलं, "कपूर साहेबाच्याच हाती देजा."

पुण्याला पोचलो. देईन म्हणून टोपली काउंटरवर ठेवली, तर तिथल्या मुलीने गोड हसून तिला सामानाची चिठ्ठी बांधली आणि माझ्या आधी टोपलीच खोलीत पोचली. टेबलावर हॉटेलची टोपली, शेजारी घरून भरून आलेली टोपली. मी दोन्हींकडे पाहत बसलो. अन्न टाकून देण्याचे संस्कार आपले नाहीत. आणि खरं सांगू? भूक लागली होती. दार आतून लावलं, पंखा मोठा केला आणि कपूर साहेबांचे धपाटे मी खाल्ले.

आता डबा रिकामा झाला, आणि तो रिकामा घरी नेला तर कपूर साहेबांची काय अब्रू राहते? निघताना मिठाईच्या दुकानात गेलो. घरी न्यायला म्हणून अशा दुकानाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. डबाभर आंबा बर्फी घेतली.

सुनंदाने झाकण उघडलं. एक वडी खाल्ली. सावकाश खाल्ली. "कपूर साहेबाची पसंती चांगली हाये," म्हणाली. मग झाकण लावता लावता म्हणाली, "आता हा डबा रिकामा द्यायचा का?"

आली का पंचाईत. त्यांनी भरून दिला की आपण भरून द्यायचा, आपण दिला की त्यांनी. अशा रीतीने एकदा फिरायला लागलेला डबा थांबवायचा कोणी? इकडून धपाटे, तिकडून बर्फी. महिन्यामागून महिने. मधले सगळे कपूर मीच.

त्यात मला चेव आला. मी कपूर साहेबांचे निरोपही आणायला लागलो. "साहेब म्हणत होते, मीठ जरा बेतानं. ठेच्यात लसूण थोडा जास्त चालेल." सुनंदा मान डोलवायची आणि तसंच करायची.

मग तिने कपूरांच्या घरची चौकशी सुरू केली. एकदा मी गाडीतून उतरून गुडघा चोळत बसलो होतो, तर म्हणाली, "त्याइच्या आईचे गुडघे दुखत असतीन ना?"

"फार दुखतात," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला डब्यासोबत घरी कढवलेलं तेल आलं. वाया का घालवायचं म्हणून मीच लावलं. मग तिला वाटलं, साहेबांना जळजळ होत असेल. होत असेल म्हटलं, तर चटणी कमी तिखट आणि धपाट्यात ओवा जास्त. थंडीत माझी कंबर धरली होती, तेव्हा म्हणाली, "अहो, त्याइची सून बाळंत झाली का?"

सुनेला दिवस गेल्याचं मी कधी बोललो होतो? मला आठवेना. खोटं बोलणाऱ्याची ही मोठी अडचण असते, काय काय बोललो त्याचा हिशोब राहत नाही. म्हटलं, "झाली. मुलगा."

डिंकाचे लाडू आले. जगात नसलेल्या त्या बाळंतिणीचे सगळे लाडू मी रोज सकाळ-संध्याकाळ, हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून खाल्ले. कंबर काय बरी झाली म्हणता! त्याच डब्यात एक झबलंही होतं, पिवळं, हाताने शिवलेलं. ते काही खाता येईना. पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये ते अजून आहे.

हे सगळं गमतीत सांगतो आहे, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. सुनंदा पहाटे उठून परक्या माणसासाठी धपाटे थापायची, त्याच्या आईसाठी तेल कढवायची, आणि मी भोळ्या बाईला फसवत होतो. तिला कळलं तर ती भांडणार नाही, हेच भय होतं. ती पुन्हा माझ्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही, एवढंच होईल. आणि माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं गावात दुसरं होतं कोण?

एक दिवस ती म्हणाली, "तुमचे पॉइंट लई साचले म्हनता ना? मंग मले घेऊन चला. कपूर साहेबाले एकदा भेटून घेऊ."

नाही म्हणायला कारण काय होतं? पॉइंटवर खोली फुकट, सोबतीच्या माणसाला लाउंज फुकट. पुण्यापर्यंत मी शेगावच्या महाराजांचा धावा करत होतो. पायी येतो, म्हटलं, पण यातून सोडवा. शेजारी सुनंदा नव्या साडीत, मांडीवर डबा घेऊन, खुशीत बसलेली.

हॉटेलात पाय ठेवल्या ठेवल्या ती सरळ काउंटरवर गेली. "कपूर साहेब कुठी हायेत?"

मुलीने नम्रपणे विचारलं, "कपूर सर? कुठल्या डिपार्टमेंटचे, मॅडम?"

मी मधे उडी घेतली. "त्यांची बदली झाली! दुबईला."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "अन् आई?"

"आईपण."

"ओली बाळंतीण पन?"

"सगळेच गेले," मी म्हणालो. एसी चालू होता, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी लाउंजमध्ये बसलो. खिडकीतून पुणं दिसत होतं. सुनंदाने बोटभर लांबीचा एक पदार्थ उचलला, चाखला आणि हळूच बशीत ठेवला. "हे खात व्हते का तुम्ही इथं?"

"हो."

मग तिने पिशवीतून डबा काढला आणि काचेच्या टेबलावर उघडला. ठेच्याचा तोच वास. मी नकळत आजूबाजूला पाहिलं. मी पाहतो आहे हे तिने पाहिलं.

"अजून लाज वाटते?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. "कपूर नावाचं कोनी नाई ना?"

मी खाली पाहिलं.

"मले पयल्या बर्फीपासून माहीत हाये. मीठ बेतानं, लसूण जास्त. लग्न झाल्यापासून रोज ताटावर आयकते मी हे. ओळखू नाई येनार का?"

"मग डबा पाठवत काऊन राहिली?" माझ्या तोंडून गावची बोली निघाली, त्या लाउंजमध्ये.

"तुमच्या नावानं देल्ला असता तर नेला असता? इथून आंबट ढेकर देत येत व्हते. म्हटलं, कपूरच्या नावानं का होईना, पोटात तं जाईन. गुडघ्याले तेल लागंन." मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "झबलं मात्र कसं खाता, ते पाहाचं व्हतं मले."

ज्या डब्याची मला लाज वाटली, तोच तिने चोरून मला पोचवला होता. आणि सोबत एक माणूस मोफत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतके महिने मी या टेबलाशी एकटा बसलो, समोरची खुर्ची रिकामी ठेवून. मला रडू आलं. ठेचा तिखट लागला, असं मी तिला सांगितलं. हेही तिला खोटं कळलं असणार.

"पण मग कपूरचं खोटं तू इतके दिवस उघडं काऊन नाही पाडलं?" मी विचारलं.

"कायले पाडू?" एक धपाटा माझ्या बशीत ठेवत ती म्हणाली. "तुम्ही मले लग्नापासून कधी मिठाई आनली? कपूर दर महिन्याले आनत व्हता."

तेव्हापासून डबा माझ्या नावाने जातो. लिफ्टमध्ये मी तो पोटाशी धरून उभा राहतो, ज्याला हुंगायचं त्याने हुंगावं. आणि येताना बर्फी आणतो, माझ्या स्वतःच्या नावाने. पहिल्यांदा आणली तेव्हा मोठ्या उत्साहाने डबा पुढे केला. सुनंदाने वडी तोंडात टाकली, सावकाश खाल्ली, थोडा विचार केला.

"चांगली हाये," ती म्हणाली. "पन कपूर साहेबाच्या बर्फीची सर नाई."

दुकान तेच होतं हो. परातही तीच.