गणपतीआधीची फवारणी

तात्या गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या क्लबच्या मैदानावर उभा होतो. पायाखाली त्यांनीच जोपासलेली हरळी होती. "झोपेतच गेले, काही त्रास नाही झाला," ती म्हणाली. ऐकून बरं वाटलं. आणि लगेच आठवलं, एक गोष्ट मी त्यांच्या हयातीत कुणापाशी बोललोच नव्हतो...

तात्या आमचे मुख्य माळी. मूळचे मालवणकडचे, राहायला विक्रोळीच्या चाळीत. त्यांचं वैर एकाच गवताशी, रानटी नाचणीशी. पावसाळ्यात ती हरळीत घुसते, चपटी पसरते आणि चेंडू वेडावाकडा उडतो. ती कोवळी असतानाच तणनाशक मारायचं, आणि औषध असं निवडायचं की नाचणी मरेल, पण हरळी आठवडाभर पिवळी पडून पुन्हा उठेल, हे त्यांनीच मला शिकवलं. "हेची भाकरी झाली असती तर मी कित्याक मारलंय असतंय?" म्हणत ते पंप पाठीला लावायचे. नियम मात्र कडक. गणपतीआधी पंधरा दिवस पंप कुलपात. कारण हरळी म्हणजेच दूर्वा, आणि आजूबाजूच्या सोसायट्या दूर्वा खुडायला आमच्याच मैदानावर येतात.

मी तेव्हा नवा सुपरवायझर, अंगात मस्ती. गणपतीनंतर लगेच स्पर्धा होती, कडेला नाचणी माजली होती आणि तात्या तापाने घरी. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी कुलूप काढलं आणि कडेचा अख्खा पट्टा फवारून टाकला. दूर्वा? खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी दूर्वा बाजारातून यायच्या.

सकाळी तात्या अंगात ताप घेऊन आले, तोवर बायका पिशव्या भरून गेल्याही होत्या. खाली वाकून त्यांनी गवताचा वास घेतला. "वाट लावलंस रे सायबा," एवढंच म्हणाले आणि टोपली उचलून तीन सोसायट्यांत दारोदार फिरले. मी मागे. प्रत्येक दारात तात्या तेच सांगत, "माझ्याकडून चूक झाली. औषध मारलेलं आहे. दूर्वा परत द्या, हात साबणाने धुवा." देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही. पण कमिटीने तात्यांच्या हातून पंप काढून घेतला तो कायमचा. निवृत्त होईपर्यंत ते उकिडवे बसून खुरप्याने नाचणी काढत राहिले, आणि मी नोकरीच्या भीतीने गप्प बसलो. लाज वाटते लिहिताना.

परवा क्लबमध्ये शोकसभा झाली. एक जुने सभासद प्रेमानेच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, फक्त त्या गणपतीत चुकला." मी उठलो. "ते चुकले नव्हते. फवारलं मी होतं," म्हणालो. मग पहिल्या रांगेतून तात्यांच्या बायकोचा, काकींचा आवाज आला.

"माका म्हायत होता. ते म्हणायचे, तो सांगतलो एक दिवस. उशीर झालो, पण सांगितलात."

रडता रडता मला हसू आलं. कितीतरी वर्षांनी छाती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून फवारणीची जुनी वही शोधून काढली. त्या तारखेपुढे तात्यांच्या तिरक्या अक्षरात त्यांनी स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. मी ते खोडलं, माझं लिहिलं, खाली सही केली आणि वही कमिटीच्या टेबलावर उघडी ठेवून आलो.