फणसाच्या चिकातून सुटलेली कळी

अन्याय झाला तो शेवंता मावशीवर. २००३ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, भर सकाळी, सगळ्या गावासमोर. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही सगळे देवीबद्दलच बोलाल आणि मावशी राहील बाजूला.

मी मॉरिशसची. खापरपणजोबांना कोकणातून तिकडं ऊसमळ्यावर नेलेलं, म्हणून घरात मराठी. ऊसमजुरांसाठी पत्रकं वाटत मोठी झाले. देव, भूत, नवस… यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. वर्षभर बिनपगारी शिकवायला म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात आले आणि गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावात मिळाली एक खोली — शाळेला लागूनच. कपडे आठवडा आठवडा वाळायचे नाहीत, चुलीवर धरून घालायचे. इंग्रजी शिकवायचे मी, पण पोरंच मला शिकवायची. माझं जुनाट मराठी ऐकून खिदळायची. "बाई, तुमच्यात समुद्र हाय, मग हितं चिखलात कशाला आलासा?" रोज कुणीतरी विचारायचंच. मला मजा यायची. खरंच, आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती!

त्या वर्षी शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली. स्वयंपाकाला शेवंता मावशीची निवड झाली, रीतसर. मावशी बौद्धवाड्यातली. पहिल्याच दिवशी निम्म्या पोरांना घरच्यांनी जेवणाच्या सुट्टीत हाताला धरून नेलं. मी सरपंचांकडं जाऊन भांडले. ते हसतमुख माणूस. म्हणाले, "बाई, आपन कशाला वाईट व्हायचं? देवीला इचारूया की."

म्हणजे कौल. देवीच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका बाईची भाकरी दोन कळ्यांवर! आणि हे २००३ साली, घराघरात टीव्ही असताना.

सोमवारी सकाळी देवळामागच्या वाटेनं येत होते. बघते तर गुरव फणसाच्या बुंध्याला विळ्यानं चीर पाडून चीक पानावर धरतोय. मला बघून पान पाठीमागं लपवलं. पण त्याला काय माहीत… आमच्या बेटावर आजोबा याच चिकानं पाखरं धरायचे! पाखराचं पीस सुटत नाही त्यातून. डाव माझ्या लगेच लक्षात आला. उजवी कळी चिकानं, डावी नुसत्या पाण्यानं. मावशीचा निकाल आधीच लागलेला.

मी कुणाला काही बोलले नाही. डावी पडली की पुढं व्हायचं, उजवी ओढून चिकाचे धागे सगळ्यांना दाखवायचे, असं ठरवलं. भाषण तोंडपाठ होतं. आनंदानं छाती धडधडत होती म्हणा ना!

गाऱ्हाणं झालं. मी कळ्यांपासून हातभर अंतरावर, नजर डावीवर. गाभाऱ्यात वारा नाही, वरून गळती नाही, मूर्तीला कुणाचा हात नाही.

उजवी पडली.

घरंगळली नाही. कुणी चिमटीत धरून सोडावी तशी सरळ खाली. डावी जागच्या जागी. सरपंच गुरवाकडं बघतायत, आणि गुरवाचं तोंड पांढरंफटक. मी वाकून कळी उचलली. बुडाला चीक होता, ओला आणि चिवट, माझ्या बोटाला असा चिकटला की खोबरेल तेल लावून काढावा लागला. मग दगडाला का नाही चिकटला?

मी शाळेकडं पळत सुटले. मावशी पडवीत ओली लाकडं पेटवत होती. देवळात ती आलीच नव्हती. धापा टाकत सांगितलं, मावशी, उजवी पडली. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"मग? न्हाय पडली असती तर मला शिजवाय येत न्हवतं व्हय?"

मी तिथंच चिखलात उभी. एवढं पाठ केलेलं माझं भाषण तिच्या या एका वाक्यापुढं फिकं पडलं.

दुसऱ्या दिवशी मी गुरवाला गाठलं. सरपंचांनी सांगितलं म्हणून चीक लावला, हे त्यानं लगेच कबूल केलं. मग मी त्याच्याच हातानं, त्याच जागी, त्याच झाडाच्या चिकानं दुसरी कळी लावायला सांगितली. आम्ही दोघं बसून राहिलो. शाळा सुटली, पोरं घरी गेली, कळी तिथंच. शेवटी त्यानं नखानं खरवडून काढली. म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत मी लावल्याला चीक एकदाबी सुटला न्हाय."

इतक्या वर्षांत! म्हणजे किती जणांचे निकाल या झाडानं लावले असतील? संतापानं माझं डोकं फिरलं. आणि तरीही बोलायची सोय नाही. चिकाचं उघड करावं तर लोक म्हणणार, बघा, चीक लावूनही देवीनं न्याय दिला. देवीचं माहात्म्य दुप्पट. गप्प बसावं तर सरपंच सुटतात. मी बोलले. चावडीवर उभी राहून सगळं बोलले. झालं तेच… देवळात रांग लागली आणि सरपंच त्या रांगेत पहिले!

खिचडी मात्र मावशीनंच शिजवली. पोरं हळूहळू पंगतीला परतली.

आज मी परत माझ्या बेटावर आहे. इथल्या फणसाच्या चिकानंही करून पाहिलं, तेलकट दगड, ओला दगड, सगळं. कळी पडत नाही. उत्तर माझ्याकडं नाही, आणि देवी हे उत्तर मी घेणार नाही, कारण मावशीचं काम तिचंच होतं, ते द्यायला कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती.

तेव्हा प्रतिसादात हात जोडू नका. उद्या दुपारी आपल्या गावच्या शाळेत जा. खिचडी कोण शिजवतंय आणि कुणाला शिजवू देत नाहीत, ते विचारा. आणि जिच्या हातचं गाव खात नसेल, तिच्यासमोर ताट घेऊन बसा. सगळ्यांदेखत जेवा.