स्ट्राँगरूममधल्या चपला

इंदूबाईंची आणि माझी पहिली भेट बंद दारापाशी झाली. आरमोरीच्या जुन्या बाजारातली बँक नव्या जागेत गेली होती. मी त्याच बँकेचा निवृत्त शिपाई, म्हणून घरमालकांनी रिकाम्या इमारतीची राखण माझ्याकडे दिली होती. बाईंनी कुलूप उघडायला लावलं, आतल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, इथं टॉकीज करायची आहे. आगीच्या भीतीने मी तिथं कधी उदबत्तीही लावू दिली नव्हती.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. बाईंच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. पण बाईंची साठी आहे, तेव्हा लिहिणं भाग आहे.

बाई आणि त्यांचे पती जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवत. पती गेल्यावर त्यांनी तंबू विकला आणि असेल नसेल ते या इमारतीत घातलं. लोकांची एकत्र बसून बघायची सवय सुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कॅशियरच्या काचेमागं तिकीटखिडकी झाली, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये सिनेमाची मशीन बसली. मागच्यांना पडदा दिसावा म्हणून तिकडची जमीन उंच करावी, असं बांधकामाच्या इंजिनियरसाहेबांना वाटत होतं, पण छत बुटकं. तेव्हा बाईंनी तंबूतली रीत सुचवली: पुढं चटया, मग बाकं, शेवटी खुर्च्या. साहेबांनाही ते पटलं.

मला रोज नवी काळजी सुचे आणि बाई ती ऐकून घेत. तिजोरीच्या खोलीला आम्ही स्ट्राँगरूम म्हणायचो. तिच्यात कोणी अडकलं तर, असं मी म्हणालो, तर बाईंनी तिचं लोखंडी दारच काढायला लावलं. गवंडी वैतागला. "बाई, या बुढ्याचं आयकून आपण टॉकीज बांधून नाई, पाडून राह्यलो."

"त्यायले भेव वाटते, म्हणून आपल्याले सुचते," बाई म्हणाल्या. "काढ."

टॉकीज सुरू झाली की राखणदार कशाला लागतो, ही काळजी मात्र मी त्यांना बोलून दाखवली नाही.

परवान्यासाठी गडचिरोलीहून साहेब आले. त्यांना भरलेला खेळ पाहायचा होता, म्हणून बाईंनी आसपासच्या गावांतून माणसं बोलावली. परवाना मिळाला नसता, तर बाईंकडे पुन्हा उभं राहायला काहीच उरलं नसतं. लोकांनी पुढच्या चटया पाहिल्या आणि घरी काढतात तशा चपला दारातच काढल्या. ते पाहून खुर्च्यांवाल्यांनीही काढल्या. साहेब दार तपासायला गेले, तर वाटेत चपलांचा हा ढीग. पळायची वेळ आली तर माणसं यातच पडतील, असं ते म्हणाले आणि ते खरंच होतं. एवढ्या काळज्या केल्या, नेमकी हीच सुचली नव्हती.

चपला घालून बसा, असं साहेबांनी सांगून पाहिलं. पुढची एक आजी म्हणाली, "चटईवर? आमाले घरी कोणी शिकवलं नाई का जी?"

लोक हसले. बाई कोणावर रागावल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "दौलतभाऊ, तुमची तिजोरीची खोली रिकामीच हाये ना?"

आम्ही टोपल्या आणल्या. साठीला टेकलेल्या बाई वाकून परक्यांच्या चपला भरत होत्या, ते पाहून चार जण उठून मदतीला आले. स्ट्राँगरूमच्या लोखंडी कप्प्यांत चपला लागल्या, दार मोकळं झालं. घाईत लोक चपला शोधत बसतील का, ही शंका साहेबांनी काढली. आजी म्हणाली, "जीव सोडून चप्पल कोन पाह्यते, साहेब?"

परवाना देतो, पण त्या खोलीवर कायमचा एक जबाबदार माणूस पाहिजे, अशी अट साहेबांनी घातली.

"तो तर हायेच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी न बोललेली काळजीही त्यांनी ऐकली होती.

आज मी त्याच खोलीपाशी बसतो. खेळ सुटल्यावर सगळे गेले की शेवटी बाई येतात. त्यांच्या चपलांसाठी मी वरचा कप्पा राखून ठेवला आहे. बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो आणि रोज त्यांनी त्या कप्प्यातल्या चपला आपल्या पायांत घालून चालत घरी जावं. बाकीची काळजी करायला मी आहे.