भात बंद, भाकरी चालू

माझा नवरा चोरून जिलेबी खातो याची मला पूर्ण खात्री होती. कमी होता तो फक्त पुरावा.

यांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: गोड बंद, भात अगदी कमी, आणि पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई. हे सुईला इतके घाबरतात, की मी बटण लावायला बसले तरी उठून गॅलरीत जातात! मी पडले शाळामास्तरीण. मी भात कमी नाही, बंदच केला. तांदळाच्या डब्याला कुलूप ठोकलं. दोन्ही वेळा भाकरी, पालेभाजी, काकडी. तरी घरातल्या मशीनवर आकडा चढताच.

मग साखर येते कुठून? कॉपी पकडण्यात माझी हयात गेलेली. मी यांचे खिसे उलटे केले, रुमाल हुंगले (एकाला वेलचीचा वास आला, तो माझाच निघाला). निजामपुऱ्यातल्या मिठाईवाल्याला गाठलं, तर तो म्हणाला, "मॅडम, साहब तो दुकान देखके रास्ता बदलते हैं." माझा संशय आणखी वाढला. इतक्या सरळ माणसाशी माझं लग्न झालेलं नव्हतं.

उरल्या नणंदबाई. बेबीताई अंजूरला राहतात आणि हे दर रविवारी तिकडे जातात. एका रविवारी मी यांच्या मागोमाग दुसरी रिक्षा केली आणि थेट ताईंच्या स्वयंपाकघरात शिरले. हे चहा पीत होते. मी कप ओढून घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता.

"वयनी, बिस्कुट दिला तो बी घेतला न्हाय त्यानं," ताई म्हणाल्या. "सुईला भेतो ना."

मला खरंच लाज वाटली. निघताना ताईंनी नेहमीसारखी भाकरीच्या पिठाची पिशवी हातात दिली. त्या दिवसापासून प्रायश्चित्त म्हणून मी यांना एक भाकरी जास्तच वाढू लागले, आणि हे बिचारे मुकाट्याने खाऊ लागले.

तपासणीत साखर आणखी वर! डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. हे खुर्चीतून अर्धे उठले.

"डॉक्टर, भाताचं शीत यांच्या पोटात गेलेलं नाही," मी तावातावाने म्हणाले. "नुसती भाकरी खातात."

"कसली भाकरी?"

हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे भाकरी आणखी कसली असते? (डॉक्टर बाहेरगावचे.)

"तांदळाची," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, म्हणजे भात तुम्ही यांना दळून घालताय."

सुई तूर्त टळली. आता घरात ज्वारीची भाकरी असते, तीही मोजून. कुलपाची किल्ली यांच्याकडे आहे, आणि मी कधी एकटी अंजूरला जाऊन आले की हे दारातच माझी पिशवी तपासतात. मी गुमान उघडून दाखवते. सगळ्या वर्गाची झडती घेऊन झाली, आणि चिठ्ठ्या पुरवत होत्या त्या पर्यवेक्षकबाईच!